हसनभाईंचा सर्वसाधारण भाव

हसनभाई बागवानांना सकाळी कुणी "काय, बरं हाय का?" असं सहज विचारलं, तर ते सहज उत्तर देत नाहीत. थांबतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि म्हणतात, "किमान कंबर, कमाल गुडघा, सर्वसाधारण बरं हाय." विचारणारा नवखा असला की आपण काय विचारलं होतं हेच तो विसरतो.

जळोचीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आणि बारामतीच्या फळबाजारात त्यांचा डाळिंबाचा गाळा माझ्या खोक्यांच्या दुकानासमोर. दिवसा समोर, संध्याकाळी शेजारी. सुटका म्हणून नाही. बाजारात रोजचे भाव तीन आकड्यांत सांगतात. सगळ्यात कमी तो किमान, सगळ्यात जास्त तो कमाल आणि बहुतेक माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण. बाकीचे व्यापारी हे तीन शब्द गाळ्याच्या शटरमागं ठेवून घरी जातात. हसनभाईंनी ते संसाराला लावले. भाभींनी, म्हणजे बिल्किसभाभींनी, केलेल्या कालवणालासुद्धा ते तीन भाव देत. मग भाभी ताट ओढून घेत आणि म्हणत, "आता हवा खावा. किमान बी तीच न् कमाल बी तीच."

सौदे संपले की हसनभाई पोत्यावर बसून दिवसभराच्या चिठ्ठ्या भावाप्रमाणं ओळीनं मांडायचे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एकेक डाळिंब ठेवायचे. मग ओळीवरून हात फिरवून जिथं चिठ्ठ्यांची गर्दी दिसेल तिथं बोट टेकवायचे. "ह्यो बाजार. बाकी नुसती हूल." सरासरीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. म्हणत, "चार कॅरेट डाळिंबं सोन्याच्या भावानं गेली न् बाकी ढीग मातीमोल, तर सरासरी बघून गाव खूश. हिशेबाची पट्टी हातात आली की गाव रडतंय."

त्यांचा खरा राग मात्र कमालीवर. एकदा इंदापूरकडचे एक तात्या मोबाइलवर कालची कमाल बघून टेम्पो भरून आले. माल सगळा तेल्या रोग पडलेला, काळ्या ठिपक्यांचा. भाव ऐकल्यावर तात्यांनी मोबाइल हसनभाईंच्या नाकासमोर धरला. "ह्यो भाव कुणाला दिला मग?"

"ज्याला दिला त्येची फळं आरशावानी व्हती, तात्या. कमाल एकाची असती. आपण बाकीच्यांतलं. कमालीवर जाऊ नका, घरला सुखानं जावा."

तात्या सुखानं गेले नाहीत. जाताना त्यांनी हसनभाईंच्या तीन पिढ्या काढल्या. त्यावर हसनभाई मला म्हणाले, "शिव्या सर्वसाधारणच व्हत्या."

पुतणीच्या सोयरिकीत तर त्यांनी कहर केला. मुलाकडचे म्हणाले, पोरगं शांत हाय. हसनभाईंनी विचारलं, "ते सर्वसाधारण झालं. रागाची कमाल किती? कमालीला आलं की काय फोडतं?" बैठकीतले एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी मुलाचा धाकटा चुलता बोलून गेला की एकदा टीव्ही फोडला होता. हसनभाई चहा न पिता उठले. भाभींनी बाहेर आल्यावर त्यांना झापलं, तर म्हणाले, "माल देताना सर्वसाधारण बघायची, पोरगी देताना कमाल." हे मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

गेल्या उन्हाळ्यात भाभींच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. माझ्याकडं गाडी आहे म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेत होतो. भाभींना बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत घेतलं. कॅन्सर होता आणि तो ऑपरेशनच्या पलीकडं गेला होता. डॉक्टर भला माणूस. हसनभाईंनी विचारल्यावर त्यानं काही लपवलं नाही. काही जण पावसाळा बघत नाहीत, बहुतेकांचं दिवाळीपर्यंत निभावतं, अगदी क्वचित कुणी पाच वर्षंही काढतं, असं तो म्हणाला. तीनही आकडे आले होते. हसनभाई उठले, डॉक्टरचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "म्हंजी पाच वर्सं. लई मेहरबानी."

जन्मभर शेतकऱ्यांना कमालीवर जाऊ नका सांगणारा माणूस स्वतः कमालीवर जाऊन बसला, आणि तिथून खाली उतरायला तयार होईना. त्यांनी नवा फ्रिज आणला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, आणि वॉरंटीचं कार्ड भाभींच्या उशाशी ठेवलं. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

भाभींचं मागणं एकच होतं. इंदापूरला त्यांची थोरली बहीण, खातूनआपा, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. तिला बारामतीला आणणं शक्य नव्हतं. भाभींनाच एकदा जाऊन तिला बघून यायचं होतं. हसनभाई रोज म्हणत, "बरी हो, मग जाऊ. घाई काय हाय?" इकडं भाभी दिवसागणिक वाळत चाललेल्या. भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाणंही जड व्हायला लागलं.

एका दुपारी माझ्या बायकोनं दिलेली पेज घेऊन मी गेलो. भाभी हळूच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, ह्यास्नी जरा समजवा. बाजारात समद्यास्नी सर्वसाधारण सांगत्यात, घरात मला कमाल सांगत्यात. मी बी बागवानाचीच लेक हाय. भाव मला बी कळतो."

मी तसाच उठून गाळ्यावर गेलो. हसनभाई चिठ्ठ्या मांडत होते.

"हसनभाई, डॉक्टरनं सर्वसाधारण काय सांगितलं व्हतं?"

त्यांनी हातातली चिठ्ठी चुरगाळली. "माझी बिल्किस सर्वसाधारण हाय व्हय रं?"

इतक्या वर्षांत मला ते कधी 'रं' म्हणाले नव्हते. हमालसुद्धा वळून बघायला लागले. मग हसनभाई एका रिकाम्या कॅरेटवर बसले आणि आवाज पार खाली गेला. "तिला इंदापूरला न्हेली, तर बहिणीचा निरोप घिऊन यील ती. मग हितं थांबायला तिला काय कारण ऱ्हाईल, दत्ताराव?"

मला वाटलं होतं हा माणूस येडा आशावादी झालाय. त्याला सगळं कळत होतं. एक इच्छा शिल्लक ठेवून तो बायकोला धरून ठेवायला बघत होता. पण बोलणं भाग होतं.

"आन् न भेटताच गेल्या तर?"

हसनभाई चुरगाळलेली चिठ्ठी मांडीवर सपाट करत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दारात उभे, स्वच्छ टोपी घालून. "गाडी काढा."

दोघी बहिणी आधी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि मग आईचं पानदान कुणी फोडलं यावरून जेवायच्या वेळेपर्यंत भांडल्या. शेवटी खातूनआपा म्हणाली, "मीच फोडलं व्हतं, आता घे." त्यावर भाभी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हसनभाई बाहेर उंबऱ्यावर बसून डाळिंब सोलत होते. वाटीभर दाणे झाले, पण आत नेऊन द्यायचं त्यांना सुचलं नाही. तसेच बसून ते आतलं हसणं ऐकत राहिले.

पुढचं सांगूनच टाकतो. भाभींनी पावसाळा बघितला नाही. मातीला मीही गेलो होतो. पण हसनभाईंचं नाव निघालं की मला तो दिवस आठवत नाही, त्या दुपारचा परतीचा रस्ता आठवतो.

मागच्या सीटवर भाभी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. कित्येक रात्री दुखण्यानं त्यांचा डोळा लागला नव्हता. हसनभाई अंग आवळून, न हलता बसलेले. उसाचा ट्रॅक्टर दिसला की पुटपुटत, "हॉर्न नको." खड्डा आला की एक हात भाभींच्या डोक्यामागं धरत. मी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. जळोचीचं वळण आलं तसं मी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला.

"सरळ घ्या," हसनभाई म्हणाले.

"घर आलं की, हसनभाई."

"दिसतंय मला. थांबलं की उठंल ती."

"मग जायचं कुठं?"

"कुठं बी. झोपलीया तवर चालवा."

मी आरशात बघायचं टाळलं आणि वळण मागं टाकून गाडी सरळ घेतली.