चार कुलपांची सुट्टी

"यंदाची सुट्टी घरातच," सुरक्षासाहेबांनी जाहीर केलं आणि टेबलावर चार कुलपं ओळीने मांडली. लाल, पिवळं, निळं, हिरवं.

बायकोने आधी कुलपांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. लग्न चांगलं मुरलेलं होतं, त्यामुळे ती दचकली नाही. "घरातच म्हणजे डांबून?"

"तू ऐक तर खरं!"

सुरक्षासाहेब साबणाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. देवाने त्यांना आत्मविश्वास देताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता. घरातल्या एकुलत्या एका पायरीला त्यांनी पिवळाधमक पट्टा मारला होता, आणि येणारे पाहुणे नेमके त्या पट्ट्याकडे बघता बघता अडखळत. पण सुट्टीच्या बाबतीत साहेबांचं गाडं आजवर कधी रुळावर आलं नव्हतं. समुद्रावर पाय भिजले न भिजले तोच कारखान्याचा फोन. डोंगरावर गाडी अर्ध्या वाटेतून माघारी. आणि कुठेही उतरलं तरी बायको दुसऱ्या दिवशी तिथल्या परक्या ओट्याशी उभी.

यंदा तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं होतं, "अहो, या वेळी तुम्ही फोन उचललात किंवा मी पळी उचलली, तर पुढच्या सुट्टीला मी एकटी बहिणीकडे. तुम्ही बसा तुमच्या भोंग्याशी गप्पा मारत." तिचा आवाज चढला की साहेब निश्चिंत असत. मऊ झाला की मात्र ते लगेच कामाला लागत.

म्हणून ही चार कुलपं. कारखान्यात एखादं यंत्र दुरुस्तीसाठी उघडलं की त्याच्या बटणाच्या पेटीला अनेक भोकांचा लोखंडी आकडा लावत. कामावरचा प्रत्येक जण त्यात आपापलं कुलूप घालणार आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवणार. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होणे नाही. एकाचं कुलूप दुसऱ्याने तोडायचं नाही, मग तो मालक का असेना.

"आपलं धोक्याचं यंत्र म्हणजे स्वयंपाकघर," साहेब म्हणाले. "गॅस बंद, सगळे फोन आत, दाराला आकडा. लाल कुलूप माझं, पिवळं तुझं, निळं लेकीचं, हिरवं आईचं. चौघांनी मनावर घेतल्याशिवाय दार उघडणार नाही. पाणी बाहेर भरून ठेवलंय, जेवण खाणावळीतून येईल. खर्च म्हणाल तर डब्याचा तेवढा. धोका शून्य!"

"बाबा, माझा फोनपण?" कॉलेजातली लेक कळवळली.

"तो तर आधी!"

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत देवाचं नाव घेत बसली होती. तिने हिरवी किल्ली डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "म्हणजे मी नाही म्हटलं तर नाहीच उघडायचं?"

"नाहीच. देव आला तरी."

"त्याला कशाला मध्ये आणतोस? तो बिचारा कुलूप बघून मागे फिरेल," आई म्हणाली आणि किल्ली घेऊन आत गेली.

पहिला दिवस तर दृष्ट लागण्यासारखा गेला. बायकोने गॅलरीत आरामखुर्ची टाकली, पाय स्टुलावर घेतले आणि लेक लहान असताना अर्धवट राहिलेली कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. डबा आला, डबा गेला. तिला कुणी साधं "मीठ कुठंय?" असंही विचारलं नाही, कारण मीठ कुलपात होतं. साहेब दर थोड्या वेळाने गॅलरीत डोकावत. "कसं वाटतंय?"

"छान वाटतंय. पण तुम्ही विचारलंत की वाचलेली ओळ हरवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला नाही. दारात तिष्ठून तिष्ठून लेकीच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा, कालचा डबा तुम्ही आधीच सांगून ठेवला होता. पण आजपासून खाणावळवाले सकाळी फोन करून विचारणार होते ना, डबा पाठवू का म्हणून?"

"मग?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला.

दोघं बंद दाराकडे बघत राहिली. वाजून वाजून तो थांबला. "मी खाली जाऊन घेऊन येतो," म्हणत साहेब चपला घालू लागले, तोच फोन पुन्हा वाजला. पण या वेळचा सूर निराळा होता. तो कारखान्याचा होता. साहेबांनी त्याला मुद्दाम भोंग्याचा आवाज लावून ठेवला होता.

"वाजू दे," साहेब छाती काढून म्हणाले. "माणसं तयार केलीत मी. माझ्यावाचून काही अडत नाही."

भोंगा पुन्हा वाजला. साहेबांची छाती जरा आत गेली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते बोटांवर मोजू लागले, "एक, दोन, तीन..."

"काय झालं बाबा?"

"नियम आहे. सुरक्षा खात्याच्या माणसाने तीन वेळा फोन उचलला नाही, तर त्याला अपघात झालाय असं धरून बचाव पथक घरी पाठवायचं."

"हा कुठल्या शहाण्याचा नियम?"

साहेब आपल्या चपलांकडे बघू लागले. लेक समजली.

पथक येणार म्हणजे आठ धिप्पाड गडी येणार. घरात आठ माणसं आली की बायको खुर्चीतून उठणार, चहाचं आधण ठेवणार, आणि झालं, पळी उचलली! साहेब शेजाऱ्यांकडे धावले. कारखान्याचा आणीबाणीचा नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. पण तो लागेल कसा? त्या लाइनवरून त्यांनाच फोन चालला होता.

आता एकच उपाय होता, आतला फोन उचलायचा. "उघडा!" ते ओरडत आत आले. लाल कुलूप त्यांनी स्वतः काढलं. निळं लेकीने दणक्यात काढलं. गॅलरीतून बायको आली, पिवळं काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि पुस्तकात खुणेची दोरी घातली. ती दोरी बघून साहेब घाईने आईकडे वळले.

"आई, तुझी किल्ली?"

"इथंच कुठंतरी असेल."

"इथंच म्हणजे कुठं?"

"ते आठवलं असतं तर तिथंच म्हटलं नसतं का रे?"

उशा उलट्या झाल्या, गाद्या उभ्या राहिल्या, साहेब कपाटाखाली गेले. लेकीने हातोडी आणली तर ते खालूनच गरजले, "खबरदार! एकाचं कुलूप दुसऱ्याने..." आणि नेमके तेव्हाच जिन्यात बूट वाजले.

बाहेरचं दार उघडंच होतं. शिरस्त्राणं घातलेले आठ जण स्ट्रेचर घेऊन आत घुसले. पिवळ्या पट्ट्याच्या पायरीवर तिघं अडखळले. समोर घर उलटंपालटं आणि कपाटाखालून साहेबांचे दोन पाय बाहेर!

"साहेब सापडले!" पथकाचा नाईक ओरडला. चौघांनी त्यांना ओढून काढलं.

"अरे, मला काही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात साहेब. तुम्हीच शिकवलंत. जखमी माणूस काही झालं नाही म्हणाला, तर त्याचं अजिबात ऐकायचं नाही." बोलता बोलता त्यांनी साहेबांना स्ट्रेचरवर आवळलं.

"बरं बाबा, मी जखमी! पण आधी ते हिरवं कुलूप तोडा."

नाईकाने दाराकडे पाहिलं, आकडा पाहिला आणि दोन पावलं मागे सरला. "साहेब, परीक्षा घेताय होय? कुलूप कुणाचं आहे?"

"माझं," आई म्हणाली.

"आजी, तोडू का?"

"हात तर लावून बघ."

"बघितलंत साहेब? संमती नाही." आणि आठही जण कौतुकाच्या अपेक्षेने साहेबांकडे बघू लागले. ते पाठ झालेल्या धड्यासारखे उभे होते. साहेबांना त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि पट्टे आवळलेले असल्यामुळे दोन्ही गिळावे लागले.

गॅलरीच्या दारात बायको उभी होती. सवयीने ती पुढे झाली. "बसा सगळे. चहा..." आणि तिची नजर हिरव्या कुलपावर गेली. चहा कुलपात. साखर कुलपात. पातेलंही कुलपात.

"वहिनी, तुम्ही कशाला उठलात?" नाईक म्हणाला. "घरच्यांना धक्का बसलेला असतो, त्यांना बसवायचं आणि गरम काहीतरी द्यायचं, असा नियमच आहे." एकाने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. दुसऱ्याने पथकाच्या पेटीतला थर्मास उघडला आणि चहा तिच्या हातात दिला. दोघं खाणावळीत पळाले आणि सगळ्यांचं जेवण घेऊन आले. उरलेल्यांनी उशा, गाद्या जागच्या जागी लावल्या. बायकोने खुणेची दोरी काढली आणि वाफाळता चहा पीत पुढचं पान उलटलं.

जेवणं झाली, साहेबांची नाडी पुन्हा एकदा तपासून आणि "जखमीने हलायचं नाही" असं बजावून, त्यांना पट्ट्यांतच ठेवून पथक गेलं. आई उठून त्यांच्याजवळ आली आणि पट्टे सोडवू लागली. तिच्या चष्म्याच्या डबीत हिरवी किल्ली खुळखुळत होती.

"आई! अगं, तुझ्याजवळच होती?"

"हळू बोल. काम संपल्याशिवाय कुलूप काढायचं नाही, असं तूच सांगितलंस ना?"

"कसलं काम?"

आईने गॅलरीकडे मान वळवली. "ती विश्रांती घेतेय. अजून झालेली नाही. आणि सुट्टी देणारा पहिलं कुलूप स्वतःच काढून मोकळा! म्हटलं, एक तरी राहू दे बाई."

साहेब उठले. लाल कुलूप उचललं, आकड्यात घातलं, किल्ली फिरवली. मागोमाग लेकीने निळं आणि बायकोने पिवळंही परत चढवलं. पुढचे दिवस ते स्वतः खाणावळीत जाऊन डबा आणत राहिले. कारखान्याला त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून एकदाच कळवलं, "जखमी बरा आहे. पण उठवू नका."

कामावर रुजू व्हायच्या दिवशी साहेब इस्त्रीचे कपडे घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. लाल निघालं. निळं निघालं. आईने हसत हसत हिरवं काढलं. आकड्यात पिवळं कुलूप तेवढं लोंबत राहिलं.

"अगं, तुझी किल्ली?"

गॅलरीतून पान उलटल्याचा आवाज आला.

"इथंच कुठंतरी असेल."