हैबती मुंगसाचे टायर

एका जंगलात, बाळांनो, अर्धा रस्ता डांबरी होता आणि अर्धा खडीचा. उरलेल्या अर्ध्याचं डांबर कुठे गेलं, हे मोठ्या प्राण्यांना विचारायचं नसतं.

तिथे हैबती नावाचा मुंगूस राहायचा. खडीचा चढ चढून गेलं की पठार लागे, आणि पठारावरच्या सुंद्राशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिच्यावर त्याचा फार जीव. पण तिकडची रीत मोठी कडक. नवरदेवाने स्वतःच्या सायकलने मांडवात यायचं. मुहूर्ताला तो नसला, तर जो सायकलवाला हजर असेल त्याला बाशिंग.

"बारीक टायर घाल," चितळ म्हणालं. "डांबरावर सुसाट जाशील. साखळीचं पुढचं दातेरी चक्र मोठं बसव."

हैबतीने बसवलं. तेवढ्यात गवा आला.

"खडीवर तोंडावर आपटशील, लेका! जाड टायर घाल. मागचं चक्र मोठं कर, चढाला पाय हलके फिरतील."

हैबतीने तेही केलं. चितळ खो खो हसलं. "ट्रॅक्टर घेतलास काय रे?"

पुन्हा बारीक टायर. मग गवा हसला. दोघांपैकी एकानेही जन्मात सायकल चालवली नव्हती. म्हणून तर त्यांची मतं इतकी ठाम होती.

लग्नाच्या सकाळी हैबतीला एकदम उमगलं. टायर मधल्या जाडीचे! पुढे लहान चक्र आणि मागे वाटीपासून ताटापर्यंत चक्रांची उतरंड! बसवता बसवता ऊन कललं. पण सायकल अशी जमली की डांबरावर पळाली आणि खडीवरही डगमगली नाही.

तो पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. सुंद्राशेजारी बाशिंग बांधून दूधवाला मारत्या मुंगूस उभा होता. त्याची सायकल बिनगियरची, ट्यूबला ठिगळंच ठिगळं. चढावर तो खाली उतरून ती ढकलत आला होता.

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुंद्रे, जरा थांबायचं होतंस गं!"

"थांबले की! हार धरून हात भरून आले माझे."

हैबती मारत्याकडे वळला. त्याला हुंदका आवरेना. "टायर... टायर किती जाडीचा?"

"काळा आहे," मारत्या म्हणाला.

चितळ आणि गवा पायीच येऊन वेळेवर पंगतीला बसले होते. हात धुऊन ते हैबतीच्या सायकलपाशी आले. "वा! आम्ही अशीच सांगितली होती!"

हैबतीने डोळे पुसले आणि टायरमध्ये हवा किती भरावी ते सांगायला घेतलं.

तात्पर्य: नवरी काय, कुणालाही मिळते. टायर मात्र अभ्यास करूनच निवडावा.