हसणाऱ्या बाईसाठी औषध

आजारी माणसाने आजारी दिसावे, एवढी किमान अपेक्षा कोणतेही सुव्यवस्थित कुटुंब बाळगते. वाशीची उत्कर्षा नेमकी तिथेच कमी पडली.

ती अकरा तास झोपे आणि दमून उठे. भूक दुप्पट. हातपाय असे जड, जणू कळंबोलीच्या बाजारातले लोखंड कुणी आत भरून ठेवले आहे. ऑफिसात साहेब नुसते "नंतर बघू" म्हणाले, तरी लाजाळूच्या पानासारखी मिटे ती चार दिवस. पण कुणी गोड बोलले की खळखळून हसे. (इथेच केस बिघडली.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नैराश्याची ही एक तऱ्हाच आहे. चांगले घडले की माणूस तेवढ्यापुरता फुलतो. त्यांनी एक गोळी लिहून दिली. महिनाभर नेमाने घ्यायची, लागू पडली नाही तर दोघींनी बसून दुसरी निवडायची. या निवडीत घरच्यांना स्थान नव्हते, ही गंभीर त्रुटी होती. आठवडाभर न फोडलेली पट्टी पर्समध्ये घेऊन उत्कर्षा घरच्या होकाराची वाट बघत राहिली.

सासरे जयप्रकाशराव आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले. इतिवृत्ताशिवाय त्यांच्या घरी पंखासुद्धा बदलत नाही. रविवारी रीतसर बैठक झाली. (रुग्ण सोडून उपस्थिती सहा, चहा दोनदा.) सासूबाईंनी अश्वगंधा सुचवली. दीर प्रसादने जिम. नणंद अबोलीने मोबाइलवर गोळीचे सतरा दुष्परिणाम वाचून दाखवले. पैकी पाच तिला तिथल्या तिथे जाणवू लागले. शेजारच्या शुभदाताईंनी बहिणीची उरलेली अर्धी पट्टी देऊ केली. आजार वेगळा होता, पण गोळीचा रंग तोच होता. उत्कर्षाच्या नवऱ्याने, सनीने, बहुमताला पाठिंबा दिला. बहुमत कशाला होते, हे त्याने विचारले नाही.

शेवटी रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात आले.

"सूनबाई, खरं सांग. आत्ता कसं वाटतंय?"

खोटे बोलणे तिला जमत नसे. "आत्ता? बरं वाटतंय, बाबा. तुम्ही सगळे माझ्यासाठी बसलात ना." आणि ती हसली.

सगळ्यांना भरून आले. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. जयप्रकाशरावांनी लिहिले: 'रुग्णाने बरे असल्याचे स्वमुखे मान्य केले. रुग्ण हसल्याचे सर्वांनी पाहिले. सबब औषधाची आवश्यकता नाही. विषय बंद.'

"पण मग मी गोळी सुरू करू ना?" हा प्रश्न बैठक संपल्यावर आल्याने नोंदवता आला नाही. माणसे उठली, कप उचलले गेले, आणि लोखंड एकेक कांब करत तिच्या पायांत परत आले. पट्टी फायलीला टाचण्यात आली. दहापैकी दहा गोळ्या शिल्लक.

इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. बाहेरच्या एका साक्षीदाराची तेवढी जागा रिकामी आहे. 'बाई चांगली हसती-खेळती आहे, हिला कसलं डिप्रेशन,' असे आजवर कुणाबद्दल तरी तुम्ही एकदा म्हणाला असाल.

करा सही.