पडवीतले दिवस

भागिरथीबाईंच्या घरात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. पाळी आलेल्या बाईनं चार दिवस पडवीत बसायचं, चुलीला शिवायचं नाही. सून सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत पहाटेच्या शिफ्टला जायची, त्यामुळे सकाळच्या भाकऱ्या दहावीतल्या नातीकडे, सायलीकडे. तिच्या चार दिवसांत मात्र त्रेसष्ट वर्षांच्या भागिरथीबाई पदर खोचून चुलीपुढं.

आधी चारच दिवस होते. मग सहा झाले, मग आठ. या महिन्यात तर सायली दोनदा पडवीत.

"अगं, परवाच उठली न्हवं का तू?"

"मला काय हौस हाय व्हय, आजी?"

तिच्या आईला सगळं कळत होतं; ती गालातल्या गालात हसून शिफ्टला जायची. भागिरथीबाईंच्या जिवाला घोर लागला. एवढं रक्त गेल्यावर पोर उरेल किती? त्यांनी गावातल्या आशा कार्यकर्तीला, आयेशाला बोलावलं.

आयेशानं सायलीच्या बोटाला सुई टोचली. "रक्त साडेबारा! झकास हाय की. काय खाती ही?"

भागिरथीबाईंनी पडवीत नीट पाहिलं. शेंगांचं पोतं आणि गुळाची ढेप तिथंच असायची. पोतं निम्मं झालं होतं.

"आता तुमचं बोट द्या, आजी. मघाशी उठताना भिंत धरली तुमी."

भागिरथीबाईंचं रक्त आठच भरलं.

"उद्या दवाखान्यात या. गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, आन् मुख्य म्हंजे आराम. पोरीला शिवू द्या की चुलीला. पाळीत काय बिघडत न्हाई."

"ते जमायचं न्हाई," बाजेवरून सायलीचा बाप रंभाजी म्हणाला. "आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय." रंभाजीनं जन्मात भाकरी थापलेली नव्हती. भागिरथीबाई हेच बोलणार होत्या, पण लेकाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदाच त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी रंभाजी उठला, तर चूल थंड. पडवीत सायलीशेजारी आई मांडी घालून बसलेली.

"आई, तू हितं?"

"मला कावळा शिवला."

"या वयात?"

"कावळा काय वय इचारून शिवतो व्हय?"

रंभाजी डोकं खाजवत आत गेला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "पिठात पानी किती घालायचं गं?"

दोघी शेंगा फोडत होत्या. दाखवायला जावं, असं भागिरथीबाईंना फार वाटलं. पण करता काय, शिवायचं नव्हतं.