सुरक्षित सांगाडा

गोदामातल्या हमालांच्या पाठी दुखू नयेत म्हणून कंपनीने त्यांना अंगावर चढवायचे यांत्रिक सांगाडे दिले. माणसाने फक्त वाकायचं, ताकद मोटर लावणार. पाठींची एवढी काळजी घेतल्यावर खोकी दुप्पट जड होणं ओघानंच आलं.

ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्या हमालाचा सांगाडा एका दुपारी वाकलेल्या अवस्थेतच अडकला. नाक गुडघ्याला टेकलं, पट्टे बरगड्यांत रुतू लागले. जोडीदार कात्री घेऊन धावला, तेवढ्यात सुरक्षा अधिकाऱ्याने त्याचा हात धरला.

"पट्टा कापला तर सांगाड्याची सुरक्षितता धोक्यात येते."

"आणि माझी, साहेब?" पैलवान खालूनच म्हणाला.

"तुम्ही सांगाड्यात आहात ना? म्हणजे सुरक्षितच आहात. लाल बटण दाबा."

"ते पाठीवर आहे. हात पोचत नाही."

"दुसऱ्याने दाबायला परवानगी नाही. कुणी खोडी काढू नये म्हणून."

परवानगीसाठी समितीची बैठक बसली. तोवर मॅनेजर फिरत आले. "वाकलाच आहात तर खालच्या फळीवरची खोकी मोजून टाका," म्हणाले. पैलवानाच्या डोळ्यांतलं पाणी कपाळाकडे ओघळत होतं, पण त्याने मोजली.

जोडीदाराने फोन केल्यावर पैलवानाची बायको धावत आली. "अहो, हे काय होऊन बसलं!" म्हणत तिने कुणालाही न विचारता लाल बटणावर बुक्की मारली. सांगाडा उघडला. पैलवान फरशीवर कोसळला; त्याला सरळ होताच येईना.

"बाई, तुम्ही नियम मोडलात!" अधिकारी किंचाळला.

"यांचं कंबरडं मोडायची वाट बघत होतात का?"

चौकशीत सांगाड्यावर एक ओरखडाही सापडला नाही. सबब, अपघात घडलाच नव्हता. मात्र यंत्र अतिश्रमाने थकल्याचं निदान झालं. यंत्रांना रोज दुपारी विश्रांती मंजूर झाली. तेवढ्या वेळात खोकी हातांनी उचलायची ठरली.

ही आनंदाची बातमी सांगायला अधिकारी पैलवानाच्या खाटेपाशी आला.

"तेवढा वेळ खोकीही थांबली तर? एवढी घाई कशाची असते हो तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"आम्हाला कसली घाई! ग्राहकाला वस्तू उद्या चालत नाही, आजच लागते."

"त्याचा पत्ता द्या. मला एकदा भेटायचंय त्याला."

अधिकाऱ्याने पत्ता दिला नाही, हे आपलं नशीब. नाहीतर आज तुमच्या-माझ्या दाराची बेल वाजली असती, आणि दारात पार्सल नसतं.