तांडेलाचं टेंगूळ

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच पैलतीराची होडी चालवणाऱ्या तांडेलाला बातमी कळली : बंदराचा नवा नकाशा निघणार आणि खडकांची नावं टिपून घ्यायला साहेब आले आहेत. घोट तिथेच अडकला.

कारण ओहोटीला डोकं वर काढणाऱ्या एका खडकाला अख्खं गाव ‘तांडेलाचं टेंगूळ’ म्हणे. ऐन तारुण्यात, भर दुपारी, सासऱ्याने दिलेली टोपी एका पक्ष्याने उचलली आणि तांडेलाने उतारूंसकट होडी तिच्यामागे वळवली. पक्षी खडकावरून गेला. होडी गेली नाही. कपाळावरचं टेंगूळ आठवड्यात उतरलं, नाव मात्र उतरेना.

“तोंडातलं नाव माणसाबरोबर जातं,” तांडेल कळवळला. “छापलेलं नातवंडांच्या मानगुटीवर बसतं!”

“बसू दे की,” बायको म्हणाली. “घराण्यात दुसरं काय छापून आलंय?”

गावाने साहेबांच्या कानात काही घालण्याआधीच तांडेलाने साहेबांना होडीत घातलं. पैलतीरी बहिणीकडे जायचं म्हणून बायकोही चढली.

“ह्या खडकाचं नाव?” साहेबांनी विचारलं.

“राणीची बैठक!” तांडेलाने ठोकून दिलं. “राजा समुद्रावर गेला, राणी इथं वाट बघत बसली. बसून बसून दगडाला खळगा पडला.”

“खात्यापित्या घरची असणार,” बायको पुटपुटली.

साहेब हाडाचे हौशी. खळगा पाहिल्याशिवाय हलेनात. “अहो, शेवाळ आहे!” तांडेल ओरडला, पण खळगाच नाही, हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? साहेब चढले, घसरले आणि असे दणकून बसले की उठता येईना. त्यात भरती चढू लागली. शेवटी तांडेलाने त्यांना जाळ्यात गुंडाळून होडीत ओढलं. हा सोहळा धक्क्यावरून साऱ्या गावाने डोळे भरून पाहिला.

संध्याकाळपर्यंत खडकाचं बारसं झालं : ‘साहेबाची बैठक’. तांडेलाचे पाय जमिनीवर ठरेनात. नवं नाव तो दारोदार पढवत फिरला.

तिकडे साहेब दुसऱ्या दिवशीही मुक्कामाच्या खोलीत पालथे पडले होते. लोकांच्या तोंडी असलेलंच नाव लिहायचं, असा नियम; आणि लोकांच्या तोंडी तर तेच होते! तांडेलाची बायको शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

“बाई, राणीचं खरं ना हो?”

“राणी कसली! ती काल होडीतच जन्मली.”

“मग दुसरं एखादं जुनं नाव? कुणाचंही चालेल. माझं सोडून!”

बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. ते खातं घरात नवऱ्याकडे होतं.

नकाशा छापून आला, धक्क्यावर लागला. तांडेल त्याच्यापुढे मटकन खाली बसला.

“एवढं काय झालं?” बायको म्हणाली. “तुमचं नाव कुठंय त्यात? नुसतं ‘तांडेल’ लिहिलंय. कुणीही असेल.”

“अगं, इथं तांडेल मी एकटाच!”

“मग हळू बोला. नवे उतारू उतरतायत.”

तांडेलाने टोपी भुवयांपर्यंत ओढली, आणि वर पक्षी नाही ना, ते एकदा पाहून घेतलं.