शार्दूलचा साचा कुणी पळवला?

संगमेश भातांब्रे हे भारतातल्या पहिल्या पाच खासगी गुप्तहेरांपैकी एक होते. उरलेले चार कोण, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "गुप्तहेर आहेत ते. नावं कशी सांगू?" ही सगळी माहिती त्यांच्या नांदेडच्या ऑफिसबाहेर पाटीवर रंगवलेली होती. त्याखाली 'घारीची नजर, हत्तीची स्मरणशक्ती' असं लिहिलं होतं आणि त्याखाली उरलेल्या जागेत पेंटरनं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. त्यामुळे सरांची निम्मी गिऱ्हाइकं पेंटरकडे जात. गेल्या वर्षी त्यातल्या एकाची हरवलेली म्हैस पेंटरनं शोधूनही दिली.

विशाखा सरांची सहायक. ती बी.कॉम. झालेली होती आणि बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होती. नांदेडमधल्या कुठल्याही अभ्यासिकेत इतकी शांतता नव्हती, म्हणून ती नोकरी सोडत नव्हती.

त्या मंगळवारी ती चक्रवाढ व्याज करत असताना दारात एक मुलगी उभी राहिली. एका हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात बिलोलीच्या कापड दुकानाची पिशवी.

"थांबा, काही बोलू नका," सर डोळे मिटून म्हणाले. "तुम्ही बिलोलीच्या. तुमचं लग्न ठरलंय. आणि तुम्ही एसटीनं आलात, खिडकीपाशी बसून."

"उभी राहून आले सर. लई गर्दी होती."

"खिडकीपाशी उभ्या होतात," सर म्हणाले. "बसा."

मुलीचं नाव शिल्पा हंबर्डे. तिचे वडील शेषेराव बिलोली ते धर्माबाद काळी-पिवळी जीप चालवत. गाडीचं नाव शार्दूल. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण शेषेरावांची शार्दूल अजून चालत होती. याच गाडीच्या फेऱ्यांवर शिल्पा शिकली आणि डी.फार्म. झाली.

"सोयरिकीच्या दिवशी नवरदेवाच्या आत्या आल्या होत्या. सिंधुआत्या. निलंग्याला त्याच्याच घरी असतात," शिल्पा सांगू लागली. "पप्पासमोरच म्हणल्या, 'जिपडं हाकणाऱ्याची पोर हाय, पर रंगानं बरी हाय.' तवापासून पप्पा गाडीचं नावच काढत न्हाईत. लग्नात कुणाला दिसू नये म्हणून कडब्याखाली झाकून ठेवतो म्हणतात. मला ते न्हाई चालत सर. मला ती गाडी रुखवतात ठेवायचीय. मधोमध. बारकी, खेळण्याएवढी."

"मग खेळणंच घ्या की," सर म्हणाले. ते भिंग पुसत होते, त्यामुळे मधलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

विशाखाला मात्र अडचण कळली. रुखवतातली वस्तू नवरीनं आपल्या हातानं केलेली असावी लागते. आणि शिल्पानं सांगितलं की सिंधुआत्या पाच तालुक्यांत प्रसिद्ध होत्या. प्रत्येक वस्तू नखानं खरवडून त्या विचारायच्या, "पोरीनं केलं का बाजारातलं हाय?" तेव्हा आयती गाडी चालणार नव्हती. सुटे भाग घरी आणून चिकटवायचे असतात, तसली किट हवी होती.

"फेरारीच्या किट ढिगानं हायत सर. एकीचेच धा-धा प्रकार, नुसते स्टिकर वेगळे. शार्दूलची एक न्हाई. इंटरनेटवर न्हाई, नांदेडात न्हाई. कुठं असली तर शोधून द्या. लग्न पुढच्या आठवड्यात हाय."

"आणि नसली तर?"

"तर का न्हाई, ते तरी सांगा."

सर उठून खिडकीपाशी गेले. "विशाखा, ज्या गाडीत मराठवाड्यातली अर्धी जनता कोंबून बसली, तिची किट जगात नाही. आणि जी फेरारी बिलोलीत कुणी बघितली नाही, तिच्या किट ढिगानं. हा योगायोग वाटतो तुला?"

"मागणी नसेल सर."

"तू अजून लहान आहेस," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं लातूरला गेले. औसा रोडवर, ट्यूशन क्लासेसच्या रांगेत, हरिओम नावाच्या गृहस्थांचं किटचं दुकान होतं. हरिओम आधी फिजिक्स शिकवायचे. मुलांच्या पालकांशी बोलून बोलून त्यांना निर्जीव वस्तूंची ओढ लागली होती. दुकानात लढाऊ विमानं होती, रणगाडे होते, जहाजं होती आणि छतापर्यंत गाड्यांच्या किट होत्या.

"शार्दूल?" हरिओम हसले. "कुणी मागत नाही, म्हणून कुणी बनवत नाही. काय घेणार? चहा?"

सरांनी विशाखाला पायरीवर ओढून आणलं. "पाहिलंस? विचारल्याबरोबर उत्तर! निरपराध माणूस आधी गोंधळतो. याचं उत्तर पाठ होतं."

"खरं असेल म्हणून पाठ असेल."

सर पुन्हा आत गेले आणि एक खोकं उचलून भिंगाखाली धरलं. मग दुसरं, मग तिसरं. त्यांचा श्वास जोरात चालू लागला. "विशाखा! प्रत्येक खोक्यावर एकच वेळ छापलीय. एक वाजून चोवीस मिनिटं."

"सर, ते प्रमाण आहे. एकास चोवीस. खरी गाडी हिच्या चोवीस पट मोठी."

"लोकांनी तसं समजावं, अशीच त्यांची इच्छा आहे," सर म्हणाले आणि पायरीवर दबा धरून बसले.

एक वाजून चोवीस मिनिटांनी हरिओम यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

सर उसळून उभे राहिले. "कुठं निघालात?"

"जेवायला."

"रोज याच वेळी?"

"भूक रोज याच वेळी लागते हो. या ना, धपाटे आहेत."

संशयिताचं मीठ खायचं नाही, हा सरांचा नियम होता. ते बाहेर कचऱ्याची टोपली तपासत बसले. विशाखाचा असा काही नियम नव्हता. तिनं दह्यासोबत दोन धपाटे खाल्ले आणि हरिओम यांच्याकडून किट विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा नंबर घेतला.

फोनवर एक बाई बोलल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. किटला साचा लागतो. साचा इतका महाग पडतो की हजारोंनी किट विकल्या तरच तो परवडतो. त्या विकल्या जातात परदेशात, आणि परदेशातल्या माणसाला लहानपणी भिंतीवर ज्या गाडीचं चित्र लावलं ती गाडी हवी असते. ज्या गाडीत मांडीवर गाठोडं घेऊन बसावं लागतं, तिचं चित्र कुणी भिंतीवर लावत नाही. शिवाय गाडीच्या कंपनीची परवानगी लागते, नकाशे लागतात. कंपनीच बंद पडली तर परवानगी मागायची कुणाला? "आणि खरं सांगू का मॅडम," बाई म्हणाल्या, "शार्दूल मागणारा तुमचा हा पहिलाच फोन."

विशाखानं हे सगळं बसमध्ये सरांना सांगितलं. त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. अहमदपूर आल्यावर डोळे उघडले.

"पहिलाच फोन. म्हणजे आधीचे दाबले गेले."

"सर."

"नकाशे गायब. साचा चोरीला गेलाय."

"सर, साचा कधी बनलाच नाही."

"तेच तर. न बनलेली वस्तू चोरायला किती सोपी, विचार कर. कुणी तक्रारसुद्धा करत नाही."

विशाखानं चक्रवाढ व्याजाचं पुस्तक उघडलं. चोराचं नाव ठरायला सरांना नांदेडपर्यंतचा प्रवास लागला. आधी धर्माबादचा एखादा मिरची व्यापारी ठरला, कारण साठेबाजी ही सवय आहे, ती मिरचीवरून किटवर जायला वेळ लागत नाही. मग इटलीचं सरकार. मग पेंटर.

दोन दिवसांनी सर विशाखाला घेऊन बिलोलीला हजर झाले. शिल्पाच्या घरी मांडवाचे बांबू येऊन पडले होते. सर्वांना अंगणात गोळा करा, असं सरांनी फर्मावलं. रहस्य सर्वांसमक्ष उलगडायचं, ही त्यांची पद्धत होती. मंडळी जमेपर्यंत पुरावे पाहावेत म्हणून ते घरामागे गेले आणि लगेच त्यांची किंकाळी ऐकू आली. कडब्याच्या गंजीतून बाहेर आलेल्या लोखंडी बंपरवर त्यांचा गुडघा आपटला होता.

लंगडत परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. शेषेराव पांढरा सदरा घालून ओट्यावर बसले होते. पाहुणे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मांडववाले असावेत, असा त्यांचा समज होता.

"नकाशे गायब!" सरांनी सुरुवात केली. "साचा गायब! आणि इथं, या घरामागे, कडब्याखाली खुद्द शार्दूल! शेषेराव हंबर्डे, ही गाडी तुम्ही कुणापासून लपवताय?"

शिल्पानं ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती, हे विशाखानं सरांच्या कानात सांगितलं. ते सरांना ऐकू गेलं नाही.

शेषेरावांनी मान खाली घातली.

"निलंग्याच्या पाहुण्यांपासून," ते म्हणाले. "त्या बाईनं तसं म्हणलं न्हवं. पोरीला उद्या सासरी कुणी बोलू नये. चार दिवस झाकली, मग काढतो."

"पप्पा," शिल्पा म्हणाली, "मी तिचीच किट शोधायला नांदेडला गेलते. रुखवतात ठेवायला."

"रुखवतात? जिपडं?"

"हाव. मधोमध."

दाराच्या चौकटीत शिल्पाची आई केवळाबाई पिठाच्या हातानं उभी होती. तिनं विचारलं.

"कसली किट म्हणायलीस गं तू?"

"सुटे भाग असतात मम्मी. ते आणून घरी जोडायचे."

"आन् मग आपण काय करून राहिलो इतकी वर्षं?" केवळाबाई म्हणाली. "दार देगलूरच्या भंगारातलं. रेडिएटर टरॅक्टरचा. शिटं म्या शिवली, माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावून. क्लच तू बसवलास, बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी, ग्रीसचे हात घेऊन पेपरला गेलीस. कंपनीचं त्यात ऱ्हायलंय काय?"

"हॉर्न," शेषेराव म्हणाले.

"त्यो वाजत न्हाई. शार्दूलची किट कोण कशाला करंल? घेणाऱ्यानं शोरूममधून आणली तवापासून ती किटच हाय."

मग शिल्पा धावतच घरामागे गेली आणि कडबा उपसू लागली. थोड्या वेळानं शेषेरावही उठले.

"मला हेच म्हणायचं होतं," सर म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं होतं. भाताच्या लोंब्यांचं तोरण, साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचा ससा, आणि या सगळ्यांच्या मधोमध, मांडवाची एका बाजूची कनात काढून आत घेतलेली, धुऊन तेलाचा हात फिरवलेली शार्दूल. बॉनेटवर पुठ्ठा होता: 'शिल्पाने स्वहस्ते केले. प्रमाण एकास एक.' पुठ्ठ्याची कल्पना विशाखाची.

सिंधुआत्या आल्या. त्यांनी सशाचा कान ओढून पाहिला, तुळशीवृंदावन जिभेला लावून पाहिलं. मग शार्दूलसमोर थांबल्या, आणि सवयीनं तिच्या दाराला नख लावलं.

"पोरीनं केलं का बाजारातलं हाय?"

"दार बाजारातलं," नवरीच्या शालूत शिल्पा म्हणाली. "बिजागरी मी बसवली. बॉनेट उघडू का आत्या? आतलं बी दाखवते."

तिनं बॉनेट उघडलं आणि नळी न् नळी दाखवली. वऱ्हाडातली पोरं गोळा झाली, मग बाप्ये, मग खुद्द नवरदेव शिवम. तो लातूरला बँकेत होता. त्याला स्टेपनी बदलता येत नाही, हे त्यानं त्याच ठिकाणी सर्वांदेखत कबूल केलं. आत्यांनी सगळं बघून घेतलं. नाव ठेवायला जागा सापडली नाही की त्या नियमावर येत.

"रुखवतातली वस्तू नवरीसंगं सासरी येती. ठावं हाय न्हवं?"

रुखवताची ही रीत लहान पोराला माहीत असते, आणि नेमकी ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. केवळाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. शेषेरावांनी बॉनेट हळूच खाली आणलं.

"येईल की," ते म्हणाले. "पर ती माझ्याबिगर चालू होत न्हाई."

"मग तुम्ही आणा हाकत," आत्या म्हणाल्या. "आन् तेल गळत असंल तर दोन दिवसांनी वापस बी न्या. माझं अंगण सारवलेलं हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढली शीट माझी. मला मागं मळमळतंय."

पाठवणीला शार्दूल सर्वांत पुढे होती. नवरीमुलगी मधे, आत्या खिडकीला, मागे वऱ्हाड. सगळे बसल्यावर आत्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजून दोन बसत्याल." ते दोन बसले.

गाडी चालू होईना. शेषेराव खिडकीतून म्हणाले, "जरा धक्का द्या." नवरदेव उतरला, वऱ्हाडी उतरले आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी सरही मागून रेटू लागले. तपास सुरू झाल्यापासून त्यांच्या हातून काही हललं असेल तर ते एवढंच.

इंजिन धडधडलं. शेषेरावांनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. तेव्हा बिलोलीच्या स्टँडवर रोज करत तसंच त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"चला, धर्माबाद, धर्माबाद!" आणि मग आठवून, "निलंगा! चला, निलंगा, निलंगा!"

शेवटच्या 'निलंगा'ला त्यांचा आवाज मधेच फाटला.

"क्लच," सर धुळीत उभे राहून म्हणाले. "ऐकलंस? क्लच गेलाय."

विशाखानं या वेळी त्यांना दुरुस्त केलं नाही.